तळघरातला कारखाना : आधी दिवा, मग आवाज

कार्यकारिणीच्या बैठकीत मी सहसा तोंड उघडत नाही. चहा घ्यावा, 'अनुमोदन' म्हणावं आणि घरी यावं, हे माझं धोरण. पण गेल्या गणेशोत्सवानंतरच्या बैठकीत जीभ घसरली. विषय होता ध्वनिव्यवस्थेचा. भाड्याने आणलेला अॅम्प्लिफायर ऐन नाट्यगीताच्या मध्यावर 'घुं' करून मुका झाला होता, हे तुम्हा सर्वांना आठवत असेल. (गाणाऱ्या वहिनींनी न डगमगता उरलेलं पद माइकशिवाय खड्या आवाजात पूर्ण केलं आणि सर्वांत जास्त टाळ्या त्यालाच पडल्या, हेही आठवत असेल.) नवा विकत घ्यावा की पुन्हा भाड्याने आणावा, यावर अर्धा तास काथ्याकूट चालला होता. खजिनदारांचा चेहरा पाहवेना म्हणून मी म्हणालो, "त्यात काय एवढं? किट मिळतं. मी बनवतो."

अध्यक्षांनी ते वाक्य लगेच इतिवृत्तात लिहून घेतलं. एकदा इतिवृत्तात गेलेला माणूस सुटत नाही. घरी येऊन सांगितलं तेव्हा सौ. एवढंच म्हणाली, "निदान या वेळी गॅरेजचं दार तरी नाही ना?" ती गोष्ट या सदरात आधी येऊन गेली आहे, त्यामुळे पुन्हा सांगत नाही.

खरं सांगायचं तर इच्छा जुनीच होती. १९९२ साली मी बारा वर्षांचा होतो. नाना मला डोंबिवलीहून लोकलने दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, असं करत लॅमिंग्टन रोडला घेऊन गेले होते. तिथे फळकुटाएवढ्या दुकानात टीबीए ८१० या आयसीचा छोटा बोर्ड घेतला. बारा व्होल्टवर चालणारा, पाच-सात वॅटचा. बाहेर फुटपाथवरच्या ढिगातून एक स्पीकर घेतला आणि घरी येऊन तो माठाच्या तोंडावर पालथा बसवला. त्या काळी हौशी पोरांचं 'स्पीकर कॅबिनेट' म्हणजे माठच. रेडिओची वायर जोडली आणि माठातून बातम्या आल्या. आजी म्हणाली, "मेल्यांनो, पाणी कशात भरू आता?" पण ऐकत बसली ती पहिली.

गंमत म्हणजे त्याच वर्षी, १९९२ मध्ये, इथे आपल्या मिशिगनमध्ये एक मोठा कारखाना किट बनवणं बंद करत होता. बेंटन हार्बरची हीथ कंपनी. मूळची ही विमानांची कंपनी. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे शिल्लक सुटे भाग स्वस्तात मिळायला लागले, तेव्हा १९४७ साली त्यांनी घरी जोडायचा ऑसिलोस्कोप विकायला काढला. तिथून पुढे 'हीथकिट' या नावाने रेडिओ, अॅम्प्लिफायर, टीव्हीपर्यंत सगळं डब्यात घालून घरोघर गेलं. एका पिढीने इलेक्ट्रॉनिक्स त्यातून शिकलं. त्यांच्या सूचना-पुस्तकात प्रत्येक पायरीपुढे एक चौकोन असे. एक तार जोडली, एक खूण केली. तयार वस्तू स्वस्त झाल्या आणि डागणी घेऊन बसणारे हात कमी झाले, तशी ती पद्धत मागे पडली. आता किट येतं ते पोस्टाने, प्लॅस्टिकच्या पिशवीतून, आणि सूचनापत्रक वाचताना इंग्रजी ही किती भाषांमधून फिरून आली असेल असा प्रश्न पडतो. मी मागवलेल्या दोन बोर्डांच्या पत्रकात चौकोन नव्हते. ते चौकोन माझ्या मुलीने काढले. ती चौदा वर्षांची आहे आणि यादी केल्याशिवाय दातसुद्धा घासत नाही. हे वळण आईकडचं.

आता अॅम्प्लिफायर म्हणजे नेमकं काय, हे थोडक्यात सांगतो. पुष्कळांचा समज असा की छोटा आवाज आत जातो आणि फुगून बाहेर येतो. तसं नाही. आत येणारा सिग्नल फक्त चावी फिरवतो. पाणी टाकीतलं असतं. टाकी म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि त्यामागचे मोठे कपॅसिटर, आणि नळाची चावी म्हणजे पॉवर ट्रान्झिस्टर. गाणाऱ्याचा आवाज जसा वरखाली होईल तशी चावी उघडते आणि मिटते, आणि स्पीकरला मिळते ती भिंतीतून आलेली वीज, गाण्याच्या आकाराने कापलेली. म्हणून अॅम्प्लिफायर बनवणं हे निम्मं टाकी बांधण्याचं काम आहे.

माझी टाकी अशी : १२० व्होल्टवर चालणारा गोल, चकलीच्या घाण्यासारखा जड टोरॉइड ट्रान्सफॉर्मर, ३०० व्हीएचा. त्याच्या दुसऱ्या बाजूला २५-०-२५ व्होल्ट. एसीचं डीसी केलं की २५ ला १.४१४ ने गुणायचं आणि डायोडचा एखादा व्होल्ट वजा करायचा, म्हणजे अधिक ३४ आणि उणे ३४ च्या आसपास मिळतात. काही भार नसताना ३६. प्रत्येक बाजूला १०,००० मायक्रोफॅरडचे दोन-दोन कपॅसिटर. प्रत्येक बोर्डावर दोन पॉवर ट्रान्झिस्टर, टू-एससी ५२०० आणि टू-एसए १९४३. ही जोडी मूळ तोशिबाची, २३० व्होल्ट, १५ अँपिअरची, आणि जगभर इतकी लोकप्रिय की तिच्या नकलाही तितक्याच निघाल्या. वरून छपाई सारखी, आतली सिलिकॉनची चकती मात्र हरभऱ्याच्या जागी मोहरी. म्हणून किटबरोबर आलेले चारही ट्रान्झिस्टर मी बाजूला ठेवले आणि अधिकृत विक्रेत्याकडून दुसरे मागवले. खजिनदारांना त्याचं बिल दिलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

दोन ट्रान्झिस्टर का? मोठी करवत दोन सुतार चालवतात ते आठवा. एक ओढतो, दुसरा ढकलतो. इथेही लाटेचा वरचा अर्धा भाग एकाने सांभाळायचा, खालचा दुसऱ्याने. पण एकाने हात सोडला आणि दुसऱ्याने अजून धरला नाही, असा क्षण मध्ये आला की करवत अडखळते. आवाजात त्याला क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन म्हणतात. हळू आवाजातच ते जास्त टोचतं. त्यावर उपाय एकच. आपली पाळी नसतानाही दोघांनी मूठ थोडी धरून ठेवायची. ती थोडीशी मूठ म्हणजे बायस.

बोर्ड जोडायला चार रविवार सकाळी लागल्या. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. रेझिस्टर मोजून लावायचे, कारण रंगांच्या पट्ट्यांवर चाळिशीतल्या डोळ्यांनी विश्वास ठेवू नये. डाग देताना आधी तांबं तापवायचं, मग सोल्डर लावायचं. मुलीचे डाग माझ्यापेक्षा चांगले आले. ती सोल्डर थांबवायची कधी, हे ओळखते.

खरी गोष्ट सुरू झाली ती बोर्ड जोडून झाल्यावर.

पॉवर ट्रान्झिस्टरची पाठ धातूची असते आणि ती आतून कलेक्टरला जोडलेली असते. म्हणजे त्या पाठीवर ३६ व्होल्ट. आणि ती पाठ बसवायची असते अॅल्युमिनियमच्या पंखांवर, जे डब्याला जोडलेले आणि डबा अर्थिंगला. उष्णता जाऊ द्यायची, वीज जाऊ द्यायची नाही. हे काम करतो मध्ये घातलेला अभ्रकाचा कागदापेक्षा पातळ तुकडा. तो बसवला की मल्टिमीटरने पाहायचं : कलेक्टर आणि पंख यांच्यात रेझिस्टन्स अनंत दिसला पाहिजे. मुलीच्या यादीत त्यासाठी चार चौकोन होते, कारण ट्रान्झिस्टर चार. तीन मोजले. चौथ्याच्या वेळी वरून जेवायला हाक आली. मी म्हणालो, "कर खूण, तिन्ही बरोबर आहेत म्हणजे चौथा काय वेगळा असणार?" तिने माझ्याकडे पाहिलं, पेन्सिल उचलली आणि खूण केली. ती खूण फिकट होती, हे मला नंतर दिसलं.

जेवून आलो. आता वीज द्यायची. यादीतली पुढची पायरी : 'सिरीज दिवा'. आपल्याकडे इलेक्ट्रिशियनच्या पिशवीत टेस्ट लॅम्प असायचाच. नवीन यंत्राला पहिल्यांदा वीज द्यायची ती थेट नाही, मध्ये एक साधा तारेचा दिवा सिरीजमध्ये घालून. युक्ती अशी की थंड तारेचा रेझिस्टन्स कमी आणि तापलेल्या तारेचा दहा-पंधरापट जास्त असतो. १२० व्होल्टचा ६० वॅटचा दिवा पूर्ण पेटला की २४० ओहमचा होतो. यंत्र ठीक असेल तर कपॅसिटर भरताना दिवा क्षणभर चमकतो आणि विझत जातो. आत कुठे शॉर्ट असेल तर दिवा भकभकीत पेटून राहतो आणि सगळी वीज स्वतःवर घेतो. यंत्र वाचतं. एक डॉलरचा पहारेकरी.

अडचण एवढीच की घरात तारेचा दिवा नव्हता. सगळे एलईडी. एलईडी इथे निरुपयोगी, त्यात तापणारी तारच नाही. दुकानात जावं तर २०२३ च्या ऑगस्टपासून अमेरिकेत साधे तारेचे दिवे विकण्यावर कार्यक्षमतेचा नियम लागू झाला आहे. रात्रीचे नऊ वाजले होते. मी म्हणालो, "राहू दे. फ्यूज आहेच की."

"बाबा, यादीत आहे," ती म्हणाली.

"यादी आपणच केली ना?"

"म्हणूनच."

मी अठरा वर्षं इंजिनिअरची नोकरी करतो. दुसऱ्यांच्या चाचणी-अहवालांवर सही करताना एक रकाना रिकामा दिसला तर अहवाल परत पाठवतो. माझ्याच तळघरात मात्र मी दोन रकाने भरल्यासारखे करून पुढे निघालो होतो. थोडा रागच आला, तिचा नाही. मग माळ्यावर चढलो. जुन्या घरमालकाने ठेवलेल्या खोक्यात, ख्रिसमसच्या माळांच्या खाली, ६० वॅटचे दोन दिवे सापडले.

दिवा लावला, बटण दाबलं. दिवा भकभकीत पेटला. आम्ही विझण्याची वाट पाहिली. विझला नाही.

बटण बंद केलं. प्लग काढला. कपॅसिटरमधली उरलेली वीज रेझिस्टरमधून उतरवली. (स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून उतरवू नये. मोठा आवाज होतो, टर्मिनल जळतं आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला वाईट सवय लागते.) मग मल्टिमीटर घेऊन परत पहिल्या चौकोनापासून. पहिला ट्रान्झिस्टर अनंत. दुसरा अनंत. तिसरा अनंत. चौथा शून्य.

ट्रान्झिस्टर उघडला. पंखाला मी भोक पाडलं होतं, त्याच्या काठावर धातूची एक कुसळ राहिली होती. खसखशीच्या अर्ध्या दाण्याएवढी. तिने अभ्रक टोचून भोक पाडलं होतं. कानशीने कड घासली, बोट फिरवून पाहिलं, नवा अभ्रक घातला. मुलीने जुनी खूण खोडून नवीन केली. या वेळी ठळक.

दिवा नसता तर काय झालं असतं? फ्यूज उडाला असता आणि कदाचित तेवढ्यावर निभावलंही असतं. पण एका बाजूचा फ्यूज उडाला की अॅम्प्लिफायर दुसऱ्या बाजूला कलंडू शकतो, आणि मग स्पीकरच्या तारांवर गाणं न जाता तीसेक व्होल्टचं सरळ डीसी जातं. स्पीकरची आतली गुंडाळी त्यात जळते. माझ्या हातून शॉर्ट राहिला याचं मला फार वाटलं नाही. कुसळ कोणाच्याही हातून राहते. तीन मोजून चौथा गृहीत धरला, हे मात्र अजून टोचतं.

दुसऱ्यांदा बटण दाबलं तेव्हा दिवा चमकला आणि हळूहळू मालवला. आम्हा दोघांना अंधारणाऱ्या दिव्याचा एवढा आनंद कधी झाला नव्हता.

पुढच्या चाचण्या भराभर सांगतो, कारण करणाऱ्याला त्यांचा उपयोग होईल. पहिली, ऑफसेट. इनपुटला काही नसताना आउटपुटवर डीसी किती आहे ते मोजायचं. पन्नास मिलिव्होल्टच्या आत हवं. आमचे एका चॅनेलवर १४ आणि दुसऱ्यावर ९ आले. दुसरी, बायस. एमिटरच्या ०.२२ ओहमच्या रेझिस्टरवर ११ मिलिव्होल्ट आले की त्यातून ५० मिलिअँपिअर जातात, साधा ओहमचा नियम. सुरुवातीला बायसचा स्क्रू सर्वांत कमीवर ठेवायचा, दिवा काढून टाकायचा आणि मग अगदी सावकाश फिरवायचा. इथे घाई चालत नाही. ट्रान्झिस्टर तापला की तो जास्त करंट ओढतो, जास्त ओढला की जास्त तापतो. त्याला लगाम घालणारा छोटा ट्रान्झिस्टर त्याच पंखांवर बसवलेला असतो, पण पंख तापायला वेळ लागतो. म्हणून स्क्रू फिरवा, वीस मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. त्या वीस-वीस मिनिटांत मुलीने गृहपाठ केला आणि मी तिच्या सातवीच्या दोन मैत्रिणींबद्दल एवढं ऐकलं, जेवढं वर्षभरात ऐकलं नव्हतं.

तिसरी, भार. पहिल्याच दिवशी खरा स्पीकर लावायचा नाही. आठ ओहमचा, शंभर वॅट सोसणारा रेझिस्टर लावायचा. तो गात नाही, नुसता तापतो, पण जळला तर दुःख नाही. एक किलोहर्ट्झचा शुद्ध सूर दिला आणि ऑसिलोस्कोपवर लाट पाहिली. आवाज वाढवत गेलो. २१ व्होल्टच्या जवळ लाटेचा माथा सपाट व्हायला लागला. टाकी संपली. २१ चा वर्ग भागिले ८, म्हणजे ५५ वॅट.

"फक्त पंचावन्न?" मुलीचा चेहरा पडला. मग तिला नानांच्या टू-इन-वनची गोष्ट सांगितली. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ' छापलेलं असायचं. हजार वॅट, दोन हजार वॅट. आत मात्र सहा टॉर्चचे सेल. तो आकडा कशावर, किती वेळ, किती विकृतीसकट मोजला, याला काही धरबंधच नव्हता. अमेरिकेतही असाच घोळ होता. म्हणून १९७४ साली फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला : वॅट सांगायचे तर किती ओहमवर, कोणत्या फ्रिक्वेन्सीपासून कोणत्यापर्यंत आणि किती डिस्टॉर्शनला, हेही सांगा. आणि मोजण्याआधी अॅम्प्लिफायर तासभर एक-तृतीयांश ताकदीवर चालवून तापवा. तो तासाभराचा नियम पुढे सौम्य झाला, पण त्यामागे एक छान गोष्ट आहे. अशा प्रकारचा अॅम्प्लिफायर सर्वांत जास्त तापतो तो पूर्ण आवाजाला नाही, तर साधारण चाळीस टक्के ताकदीला. तिथे निम्मी वीज स्पीकरला जाते आणि निम्मी पंखांना. माझ्या बोर्डाचा हिशेब केला तर दर चॅनेलला सुमारे २९ वॅट नुसती उष्णता. म्हणजे जोरात पळवून पाहिलं आणि टिकलं, ही परीक्षाच नव्हे. मध्यम चालीने तासभर चालवून पाहावं. माणसांचंही तसंच असावं. आम्ही १२ व्होल्टवर, म्हणजे १८ वॅटवर, पूर्ण एक तास चालवला. पंख ४९ अंश सेल्सिअसपर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

राहिला प्रश्न ५५ पुरतील का. ताकद दुप्पट केली की आवाज वाढतो फक्त तीन डेसिबेल, म्हणजे जेमतेम कानाला कळेल इतका. मंडळाचे स्पीकर एका वॅटला ९७ डेसिबेल देतात. पन्नास वॅटला ११४. भाषणं लांबली तर तेवढे पुष्कळ झाले.

आणि मग आली गुणगुण. तळघरात स्पीकर लावला, लॅपटॉप जोडला आणि मागे बारीक 'घुं' सुरू झालं. घुं दोन प्रकारचं असतं. कपॅसिटर दर अर्ध्या लाटेला धक्क्याने भरतात, त्याचं १२० हर्ट्झचं, जरा खरखरीत. ते आतल्या वायरिंगचं पाप. मी ग्राउंडच्या तारा चुकीच्या ठिकाणी एकत्र केल्या होत्या. त्या कपॅसिटरच्या पलीकडे एकाच बिंदूवर आणल्या आणि ते गेलं. दुसरं ६० हर्ट्झचं, गुळगुळीत. पेटीवर वाजवून पाहिलं तर ते काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मध्ये, कुठल्याच पट्टीत न बसणारं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिचं घुं पांढरी पाचच्या जवळ. लहानपणी माठातून ऐकलेलं घुं निदान सुराच्या आसपास होतं!

हे ६० हर्ट्झचं घुं अॅम्प्लिफायर आणि लॅपटॉप दोन वेगळ्या ठिकाणी अर्थिंगला जोडले गेले की येतं. दोन अर्थिंगमधून आणि सिग्नलच्या तारेतून एक वळसा तयार होतो. तालमीला आलेले एक ज्येष्ठ काका म्हणाले, "अरे, सोपं आहे. ती तिसरी गोल पिन मोडून टाक. आम्ही नेहमी हेच करायचो." खरंच सोपं आहे. मी नुसतं पाहायला म्हणून दोन पिनांचं अडाप्टर लावलं आणि घुं गेलं. तळघर एकदम शांत. मुलगी माझ्याकडे पाहत होती.

ती तिसरी पिन घुं करण्यासाठी नाही. आत एखादी जिवंत तार सुटून डब्याला टेकली, तर वीज त्या पिनेच्या तारेतून थेट परत वळते आणि फ्यूज किंवा ब्रेकर उडतो. पिन नसेल तर डबा गप्प बसून वाट पाहतो. डब्याला जोडलेली माइकची तार, तिला जोडलेला धातूचा माइक आणि तो धरलेला हात. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधल्या स्वान्सी इथे 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वी रंगमंचावरच विजेच्या धक्क्याने गेला. अर्थिंग नीट नसलेला माइक हाताला लागला, एवढंच निमित्त. अर्ध्या खसखशीच्या दाण्याने अभ्रक फुटतो, हे आम्ही महिन्यापूर्वीच पाहिलं होतं.

अडाप्टर काढलं आणि कचऱ्यात टाकलं, नाहीतर दुसरं कोणी लावेल. मग घुंचा खरा इलाज केला. दोन्ही यंत्रं एकाच पट्टीवर जोडली आणि लॅपटॉपच्या सिग्नलच्या तारेत एक छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला. त्यातून गाणं जातं, पण अर्थिंगचा वळसा तुटतो. पिन जागेवर, घुं नाहीसं. काकांना ते पटलं. नाही पटलं तरी पिन तिथेच राहणार होती.

एवढं सगळं झाल्यावर अॅम्प्लिफायर घेऊन शाळेच्या हॉलवर गेलो. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी तो सगळीकडून पाहिला, कौतुक केलं आणि विचारलं, "यावर तपासणीचं लेबल कुठे आहे?" सार्वजनिक हॉलमध्ये मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची खूण असलेलीच यंत्रं चालतात. माझ्यावर खूण नव्हती. म्हणजे यंत्रावर.

परतताना गाडीत मी घुश्शात होतो. मुलगी म्हणाली, "ते लेबल म्हणजे त्यांचा दिवाच ना?" पटकन काही सुचलं नाही. घरी येऊन त्या लेबलाचा इतिहास वाचला. १८९३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. आपल्याला ते वर्ष विवेकानंदांच्या भाषणामुळे पाठ. त्याच प्रदर्शनात विजेचे दिवे इतक्या प्रमाणावर लावले होते की आगीच्या भीतीने विमा कंपन्या धास्तावल्या, आणि विल्यम मेरिल नावाच्या तरुण इंजिनिअरला तारा तपासायला पाठवण्यात आलं. पुढच्याच वर्षी, १८९४ मध्ये, त्याने काढलेल्या तपासणीच्या कामातून अंडररायटर्स लॅबोरेटरीज उभी राहिली. बहुतेक चार्जरच्या पाठीवर गोलातली 'यूएल' ही अक्षरं दिसतात, ती तिचीच. अनोळखी माणसाच्या हातात यंत्र द्यायचं तर 'मी चांगलं बनवलंय' हे बनवणाऱ्याने सांगून भागत नाही. तीन मोजून चौथा गृहीत धरणारा मी, त्या बाईंवर रागावण्याचा मला काय अधिकार?

तेव्हा इतिवृत्तात दुरुस्ती करावी, अशी अध्यक्षांना विनंती केली आहे. हॉलमधल्या कार्यक्रमांसाठी मंडळाने लेबल असलेला अॅम्प्लिफायर घ्यावा. खजिनदारांनी तो सवलतीत मिळवला आहे. आमचा अॅम्प्लिफायर आमच्या तळघरात, तालमींसाठी. दर शुक्रवारी नाटकाची मंडळी येतात, त्याच वहिनी पुन्हा तेच नाट्यगीत म्हणतात आणि आता ते मधेच तुटत नाही. उन्हाळ्यात आई इथे आली होती. तिने माइक हातात धरून आरती म्हटली. मी शांतपणे उभा होतो. माझ्या दृष्टीने शेवटची चाचणी तीच होती.

मुलीने डब्याच्या पाठीवर एक कागद चिकटवला आहे. ऑफसेट १४ आणि ९, बायस ११, ५५ वॅट, एक तास, ४९ अंश, अर्थिंग आहे. खाली दोघांच्या सह्या. कोणत्याही हॉलमध्ये तो चालणार नाही, पण त्यातला एकही चौकोन फिकट नाही.

कोणाला असं काही करून पाहायचं असेल तर तळघराचं दार उघडं आहे. आधी विजेच्या कामाची सवय नसेल तर बारा व्होल्टच्या छोट्या बोर्डापासून सुरुवात करा, भिंतीतल्या विजेला एकट्याने हात घालू नका. आणि येताना माळ्यावर जुना साठ वॅटचा दिवा सापडला, तर तेवढा घेऊन या. आमच्याकडे आता एकच उरला आहे.